ठशाची चूक आणि हाताची खूण: घरसजावटीतील ‘हस्तनिर्मित’ रूपाची समीक्षा



कविता, नाटक, चित्रपट यांची समीक्षा करायला आपण वर्गात शिकतो. पलंगावरच्या चादरीची समीक्षा करायला कोणी शिकवत नाही. वास्तविक चादरीशी आपला संबंध रोजचा असतो आणि ती निवडताना आपण अभिरुचीचा निर्णय घेतलेलाच असतो. या पाठात आपण घरसजावटीतील ‘स्वतः करून पाहा’ या प्रकाराच्या उपक्रमांकडे समीक्षकाच्या नजरेने पाहणार आहोत. सध्या त्यांना ‘डीआयवाय’ म्हणतात. सगळ्या उपक्रमांचा आढावा घेण्याचा इथे हेतू नाही. एकच उपक्रम घेऊ: घरच्या घरी कापडावर ठसे उमटवणे. त्याच्याशेजारी ठेवू सांगानेरची ठसाछपाई आणि सांगानेरला लागून असलेले जयपूरचे औद्योगिक उपनगर, सीतापुरा. वाचताना शक्य असेल तर एखादे छापील सुती कापड जवळ ठेवा. चादर, उशीचा अभ्रा, ओढणी, काहीही चालेल. ते पुढे लागणार आहे.

भेंडीचा ठसा

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कार्यानुभवाच्या तासाला भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर उमटवली असेल. पाच पाकळ्यांचे फूल आपोआप येते. मग बटाट्याचा ठसा. बटाटा कापायचा, त्यावर पान किंवा चांदणी कोरायची, रंग लावायचा, दाबायचे. मोठेपणी दिसणारा घरसजावटीचा उपक्रम या तासाचाच वाढलेला भाऊ आहे. जुनी पांढरी चादर किंवा कापडी पिशवी घ्या. बटाट्याचा, स्पंजचा नाहीतर विकतचा लाकडी ठसा घ्या. कापडाचा रंग लावा. सुकल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. खोलीचे रूप पालटले.

मला या उपक्रमांची टिंगल करायची नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींना भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नसते आणि भिंत रंगवण्याचा तर प्रश्नच नसतो. त्यांच्या हातात उरते ते कापड. पडदा, चादर, टेबलावरचे आच्छादन एवढ्यावरच त्यांचा अधिकार चालतो. सीतापुऱ्यात अभियांत्रिकीची, वैद्यकाची, व्यवस्थापनाची महाविद्यालये आहेत आणि त्यांच्याभोवती वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या. तिथल्या एखाद्या मुलीने रविवारी बसून स्वतःच्या उशीच्या अभ्र्यावर चार फुले उमटवली, तर त्या खोलीत तिचे म्हणावे असे काहीतरी पहिल्यांदा येते. हा लहान आनंद नव्हे.

समीक्षा करायची ती या उपक्रमांच्या सूचनांची. त्यांना एक साहित्यप्रकार मानून वाचा. क्रियापदे सगळी आज्ञार्थी: घ्या, कापा, लावा, दाबा. साहित्याची यादी असते, पण ते साहित्य कुठून आले याचा पत्ता नसतो. आणि काळ दोनच असतात, आधी आणि नंतर. आधीची मळकी खोली, नंतरची उजळ खोली. मधला काळ, म्हणजे वाट पाहण्याचा, बिघडण्याचा, पुन्हा धुण्याचा, कंटाळ्याचा काळ, पानावर नसतो. आता एक वाक्य लक्षात ठेवा, कारण आपला सगळा वाद त्याच्याशी आहे. ते निरनिराळ्या शब्दांत जवळजवळ प्रत्येक सूचनेत येते: ठसे जरा वाकडे पडले तरी चिंता नको, त्यामुळेच तर ‘हस्तनिर्मित’ रूप येते.

म्हणजे हाताची ओळख चुकीवरून. हे खरे आहे का?

सीतापुरा आणि सांगानेर

जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्याने निघालात की सांगानेर आणि विमानतळ ओलांडून सीतापुरा येते. राजस्थानच्या औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे रीकोने, वसवलेले हे क्षेत्र. रत्ने-दागिने, तयार कपडे, हस्तकलेच्या वस्तू यांचा निर्यातीचा माल इथून बाहेर पडतो. मोठमोठी प्रदर्शने भरणारे जयपूरचे संमेलन केंद्रही इथेच आहे. काही किलोमीटरवरचे सांगानेर मात्र जुने, छपाईचे आणि हातकागदाचे गाव. छपाई करणारा समाज छीपा आणि कागद करणारा कागझी. पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर नाजूक देठाची, वळलेल्या पाकळ्यांची बुटी ही सांगानेरी छपाईची ओळख. तिथून पश्चिमेला असलेल्या बगरूची ओळख वेगळी: हिरड्याने पिवळसर झालेली जमीन, लाल, काळा आणि चिखलाचा लेप देऊन निळीत बुडवलेले ‘दाबू’ काम.

सांगानेरात ठसा आणि सीतापुऱ्यात निर्यातीचा खोका. या दोहोंमधल्या रस्त्यावर आपला विषय उभा आहे. पुण्यात किंवा नागपुरात एखाद्या मंगल कार्यालयात ‘राजस्थानी प्रदर्शन’ भरते आणि तिथे ‘जयपुरी चादर’ मिळते. ती चादर कोणत्या रस्त्याने तिथवर आली हे विकणाराही सहसा सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. आपल्याला ‘जयपुरी’ हा शब्द पुरतो.

अशा कापडाने घर सजवण्याची हौस काही आजची नाही. मराठीत चीट, हिंदीत छींट. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द तिथूनच गेला. लंडनच्या सॅम्युएल पीप्सने 1663 मध्ये बायकोच्या नव्या अभ्यासिकेच्या भिंती मढवायला भारतीय चीट विकत घेतल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. पुढे ही आवड इतकी वाढली की इंग्लंडमधल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचा धंदा धोक्यात आला. संसदेने 1700 मध्ये अशा कापडाच्या देशांतर्गत वापरासाठीच्या आयातीवर बंदी घातली. तीही पुरेना, म्हणून 1721 मध्ये छापील सुती कापड अंगावर घालणे आणि घरसामानासाठी वापरणेच बेकायदा ठरवले. पडद्याच्या आणि गादीच्या कापडासाठी कायदा करावा लागला! सजावट ही खासगी, निरुपद्रवी गोष्ट आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला हा कायदा दाखवा.

दोन हात

आता ठशाकडे या. ठसा शिसवीच्या किंवा सागवानाच्या लाकडात कोरतात. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. या दोन स्वतंत्र विद्या आहेत. गुजरातमधील पेथापूर हे गाव तर ठसे कोरण्यासाठीच प्रसिद्ध. कोरून झालेला ठसा काही दिवस तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. त्याला आरपार बारीक भोके असतात. दाबताना अडकलेली हवा तिथून निघून जाते आणि जास्तीचा रंगही साचत नाही. मागे मूठ असते.

एका फुलासाठी एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा ठसा म्हणजे रेख, पार्श्वभूमीचा गद आणि आत रंग भरणारा दत्ता. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा. ते एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून ठशाच्या कडेला बारीक ठिपके ठेवलेले असतात. पुढचा ठसा आधीच्या ठिपक्यावर टेकवायचा. छापणाऱ्याच्या समोर जाड कापडाचे थर घातलेले लांब मेज, शेजारी ढकलत न्यायची रंगाची गाडी. ठसा रंगावर टेकवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीवर तळहाताच्या टाचेने एक ठोका द्यायचा, उचलायचा.

थोडे गणित करू. दुहेरी पलंगाची चादर साधारण 90 इंच रुंद आणि 108 इंच लांब. ठसा सहा इंचांचा चौरस धरला, तर एका रंगासाठी 15 गुणिले 18, म्हणजे 270 ठोके. तीन रंगांना 810. काठ वेगळा. प्रत्येक ठोक्याला ठसा शेजारच्या ठशाला असा भिडला पाहिजे की सांधा दिसू नये. फट राहिली तर पांढरी रेघ, एकावर एक चढला तर गडद रेघ. आता सांगा, हे काम करणारा माणूस वाकडेपणाच्या मागे लागलेला असेल का? त्याचे सारे कौशल्य वाकडेपणा टाळण्यात खर्च होते. राहते ती चूक त्याच्या प्रयत्नानंतर उरलेली असते, प्रयत्नाऐवजी आलेली नसते. बटाट्याचा ठसा मुद्दाम तिरपा मारून ‘हाताचा स्पर्श’ आणणे म्हणजे गवयाचा घसा एकदा बसला होता म्हणून त्याच्यासारखे गाताना मुद्दाम खोकणे.

पण चुकीचा अभ्यास टाकाऊ नाही. चुका वाचता आल्या तर कापड बोलू लागते. कापडावर दोन माणसांच्या चुका असतात आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. कोरणाऱ्याच्या हातून एखादी पाकळी जरा जाड झाली असेल किंवा वापरून ठशाचा टवका उडाला असेल, तर ती खूण दर सहा इंचांनी, प्रत्येक ठोक्याला, त्याच जागी परत येते. छापणाऱ्याची चूक तशी येत नाही. इथे रंग जरा कमी लागला, तिथे रेषा केसभर सरकली, मेजाच्या टोकाशी हात दमला. त्या एकदाच होतात. कोरणाऱ्याची चूक पुनरावृत्त होते, छापणाऱ्याची होत नाही. एवढे एक सूत्र घेऊन कोणत्याही दुकानात गेलात तरी बरेच काही कळेल.

कारण नक्कल इथेच पकडली जाते. सांगानेरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाळीछपाई, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, पसरली. ठशाचीच नक्षी जाळीवर उतरवतात; लांब मेजावर कापड ताणतात आणि जाळी पुढे पुढे सरकवत रंग ओढत नेतात. वेग कितीतरी जास्त, किंमत कितीतरी कमी. आता तर संगणकावर चालणारी छपाई यंत्रेही तीच नक्षी काढतात. आणि गिऱ्हाइकाला ‘हस्तनिर्मित’ हवे असते, म्हणून नक्षी तयार करतानाच तिच्यात फिकटपणा, सरकलेली रेषा, सांध्याची गडद रेघ हे सगळे घालता येते. अशा कापडावर छापणाऱ्याची म्हणून दाखवलेली चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात, त्याच फुलाच्या त्याच पानावर, तेवढीच सरकलेली सापडते. एकदाच व्हायला हवी ती चूक छापखान्यातल्या खिळ्यासारखी ठरावीक अंतरावर येते. सूचनांच्या पानावरचे ‘वाकडे पडले तरी चालेल’ आणि कारखान्यातली ही पेरलेली चूक यांचा उगम एकच आहे: हात म्हणजे चूक ही समजूत.

इथे थोडे थांबा, कारण या ठिकाणी विद्यार्थी लगेच ‘ठसा चांगला, जाळी वाईट’ असे लिहून मोकळे होतात. जाळी ओढणारेही हातच असतात. सांगानेरच्या मेजांवर जाळीच्या दोन बाजूंना दोन कारागीर उभे राहून तितकेच तास राबतात. सांगानेरी आणि बगरू या दोन्ही हातठसा छपायांना 1999 च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली नोंदणी मिळाली आहे. त्यामुळे जाळीवर छापलेल्या मालाला ‘सांगानेरी हातठसा’ म्हणून विकणे हा खोटा दावा ठरतो. जाळीछपाई म्हणून विकली तर त्यात खोटे काही नाही. समीक्षकाने बोट ठेवायचे ते दाव्यावर. हजार-बाराशे रुपयांत दुहेरी चादर आणि दोन अभ्रे मिळत असतील आणि कोणी त्याला हातठसा म्हणत असेल, तर वरचे 810 ठोके आठवा आणि भागाकार करून पाहा. त्या ठोक्यांची मजुरी, कापड, रंग, धुलाई, वाहतूक, दुकानदाराचा नफा, सगळे त्या आकड्यात बसवायचे आहे.

मधला काळ

सूचनांच्या पानावर नसलेला मधला काळ बगरूच्या कामात पाहायला मिळतो. कापड आधी धुऊन त्यातली खळ काढतात. मग हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवतात. ते पिवळसर होते. काळ्या रंगासाठी भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात दिवसेंदिवस आंबवतात. ते पाणी हिरड्याच्या कापडाला लागले की काळे उमटते. लाल रंगासाठी छापतात ती तुरटी. तुरटीला स्वतःचा रंग नाही, म्हणून दिसण्यापुरते त्यात गेरूसारखे काहीतरी कालवतात. म्हणजे छापणारा जे छापतो ते लाल नसतेच. नंतर कापड मंजिष्ठ किंवा अ‍ॅलिझरिनच्या पाण्यात, धायटीची फुले घालून उकळतात, तेव्हा तुरटी जिथे जिथे बसली तिथे लाल धरते. छापताना कारागीर फिकट गेरू पाहत असतो आणि मनात लाल पाहत असतो.

बटाट्याच्या ठशाला हे वेळापत्रक जमणार नाही आणि जमावे असे म्हणणेही अन्याय आहे. तयार रंग कापडाच्या वर बसतो, चिकटद्रव्याने धरून राहतो, तासाभरात सुकतो. घरी तेच योग्य. पण दोन्हीची नावे एकच ठेवली, दोन्हीला ‘ब्लॉक प्रिंट’ म्हटले, की दुसऱ्या कामातला काळ पुसला जातो. ‘जयपूरपासून प्रेरणा घेऊन’ असे शीर्षक द्यायचे, नक्षी घ्यायची आणि ती ज्या कामातून घडली त्याबद्दल एक ओळही लिहायची नाही. प्रेरणा या शब्दाचा इतका स्वस्त वापर दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण वारली चित्रांचे. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लिहितात तो चौक हा विधीचा भाग. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर, कापडावर आणली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातात त्या त्रिकोणी माणसांना शेत, जाळे, मुंग्या, पाऊस मिळाला. आज तीच त्रिकोणी माणसे साच्यातून किटलीवर, किल्ल्यांच्या खुंटाळ्यावर, सोसायटीच्या कुंपणभिंतीवर फेर धरून नाचतात. साचा वापरून किटली रंगवू नये असे नाही. पण त्या फेराच्या मध्ये काय असते, हे रंगवणाऱ्याने एकदा तरी विचारावे.

मधल्या काळात पाणीही येते. रंगाचे काम म्हणजे पाण्याचे काम. सांगानेरच्या छपाईला तिथल्या नदीचे पाणी मानवते, त्याने रंग खुलतो, अशी तिची ख्याती होती. रासायनिक रंग आले, मेजे वाढली, सांडपाणी वाढले; तोच प्रवाह नाला झाला आणि सांगानेरच्या रंगाई-छपाईच्या सांडपाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. चादरीच्या पांढऱ्या जमिनीचे कौतुक करताना ती पांढरी राहावी म्हणून किती वेळा धुतली गेली, ते पाणी कुठे गेले, हे प्रश्न समीक्षेच्या बाहेरचे आहेत असे मला वाटत नाही. कवितेतला आशय आणि आकृती वेगळी करू नका असे आपण सांगतो; मग कापडातला रंग आणि पाणी का वेगळे करायचे?

याच गावात ‘टाकाऊतून टिकाऊ’चेही खरे उदाहरण आहे. शाळेत आपण बाटलीला लोकर गुंडाळून फुलदाणी करायचो. ती फुलदाणी पुढे दोन वर्षे कपाटावर धूळ खायची आणि मग टाकाऊतच परत जायची. (हे वाक्य वाचून ज्यांना आपली फुलदाणी आठवली, त्यांना क्षमा मागतो.) सांगानेरचा हातकागद कपडे शिवताना उरलेल्या सुती चिंध्यांतून होतो. चिंध्या बारीक करतात, पाण्यात त्यांचा लगदा होतो, तो जाळीवर उचलतात, दाबतात, वाळवतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात जो कचरा, तो इथे कच्चा माल. इथल्या राष्ट्रीय हातकागद संस्थेला जे. सी. कुमारप्पा यांचे नाव आहे. पुण्यातही शिवाजीनगरला हातकागदाची जुनी संस्था आहे. तिथे लगद्यापासून कागदापर्यंतचे काम पाहता येते. तुमच्या खोलीत दिव्यावर हातकागदाची टोपी असेल, तर तिच्यात कोणाच्या तरी सदऱ्याचा कापलेला काठ असू शकतो. यात सजावट किती आणि उपयोग किती, हे वेगळे काढताच येत नाही.

मूठ आणि वळण

मग घरच्या उपक्रमाला अर्थ काय उरला? माझ्या मते भरपूर, आणि त्याचा नमुना बाहेर शोधायला नको. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा अनेक घरांत दारापासून गौरीच्या जागेपर्यंत पावले उमटवतात. हाताची मूठ पिठाच्या किंवा कुंकवाच्या पाण्यात बुडवायची, करंगळीकडची बाजू जमिनीवर टेकवायची, की पाऊल होते. बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके दिले की बोटे होतात. उजव्या मुठीने एक पाऊल, डाव्या मुठीने दुसरे. माणसाच्या घरातला हा सर्वांत जुना ठसा असावा असे वाटते: मूठच ठसा आणि मूठच छापणारी.

हे करणारी बाई चूक करून रूप आणायला जात नाही. तिच्यापुढे वेगळेच प्रश्न असतात. पावले आत येणारी हवीत, बाहेर जाणारी चालत नाहीत. दोन पावलांत चालण्याइतके अंतर हवे. उंबरा आला तर पाऊल त्याच्या अलीकडे की पलीकडे? स्वयंपाकघराकडे वळण घ्यायचे, तर पावले एकदम काटकोनात वळवायची की दोन-तीन पावलांत हळू? ओल संपत आली की पाऊल फिके पडते. पुन्हा मूठ बुडवायची तर पुढचे एकदम गडद होते. हे निर्णय आहेत, आणि प्रत्येक घरात ते वेगळे होतात कारण घर वेगळे असते. आता बाजारात पावलांच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या सुबक असतात, सगळ्या सारख्या असतात, फरशीला छान बसतात. त्यांच्यात वळणाचा प्रश्नच उरत नाही. चिकटवणारा कोपऱ्यात पट्टी संपवतो आणि पुढच्या खोलीत नवी सुरू करतो. गौर तेवढे अंतर कशी गेली, देव जाणे.

कापडावर याच जागेला कोपरा म्हणतात. चादरीचा काठ छापताना कोपऱ्यात काय करायचे ही छपाईतली अवघड गोष्ट. वेल सरळ येते; काटकोनात वळली पाहिजे. चांगला छापणारा कोपऱ्याचा वेगळा ठसा वापरतो, किंवा कागद तिरपा टाकून तेवढा भाग झाकतो आणि दोन्ही बाजूंची वेल त्या कर्णावर नेमकी मिळवतो. त्यासाठी बाजूची लांबी ठशाच्या पटीत बसायला हवी. बसत नसेल तर मधल्या कुठल्यातरी ठशांत तो थोडे थोडे अंतर वाटून टाकतो, कोणाला कळणार नाही असे. अंतर वाटून टाकणे हा हाताचा विचार आहे. कापडात हात शोधायचा असेल तर डागात शोधू नका, कोपऱ्यात शोधा.

आणि हे पाहण्याची नजर, माझा अनुभव असा आहे, स्वतः एकदा छापल्याशिवाय येत नाही. बटाट्याचा ठसा घेऊन रुमालाच्या चारही कडांना वेल छापायला बसलात, की तिसऱ्या कडेला तुम्हाला समजते, आपण कोपऱ्यात अडकणार. त्या क्षणापासून प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता. म्हणून मी घरच्या उपक्रमाला सजावट म्हणून दुय्यम आणि समीक्षेचे शिक्षण म्हणून फार वरचे मानतो. सूचना लिहिणाऱ्यांनी ‘वाकडे पडले तरी चालेल’ सांगून शिकणाऱ्याला त्या कोपऱ्यापासूनच वाचवले आहे. त्यांनी केलेले नुकसान ते हेच.

जयपूरला जाणे झाले तर आमेरमधले अनोखीचे हातछपाई संग्रहालय पाहा. ते 2005 पासून एका जुन्या, दुरुस्त केलेल्या हवेलीत आहे. तिथे कोरणारा आणि छापणारा काम करून दाखवतात. नक्षी पाहण्याआधी थोडा वेळ त्यांचे मनगट पाहा.

स्वाध्याय

1. सुरुवातीला जवळ ठेवलेले कापड सरळ अंथरा. नक्षी पुन्हा सुरू होते ती जागा शोधा आणि एका आवर्तनाची लांबी-रुंदी पट्टीने मोजा. ते वीतभरापेक्षा बरेच मोठे असेल तर काय निष्कर्ष निघतो?

2. कापडावरची कोणतीही एक चूक निवडा. पुढच्या चार आवर्तनांत ती त्याच जागी आहे का? असेल तर ती कोरणाऱ्याची, जाळीची की पेरलेली, हे ठरवा आणि कारण द्या. कापड उलटून मागच्या बाजूला रंग किती उतरला आहे तेही नोंदवा.

3. कापडाला काठ असेल तर चारही कोपऱ्यांची चित्रे वहीत काढा. चारही सारखे आहेत का?

4. एक साधा पांढरा रुमाल, एक बटाटा आणि एकच रंग घ्या. ठसा कोरण्याआधी रुमालाची बाजू मोजा, म्हणजे ठसे पूर्ण संख्येत बसतील. तरीही ते बसणार नाहीत, कारण बटाटा सुकताना आक्रसतो. चारही कडांना वेल छापा. किती ठोके पडले, कितव्या ठोक्याला अंतर वाटून घ्यावे लागले आणि कोपऱ्यात तुम्ही काय केले, एवढेच एका परिच्छेदात लिहा. रुमाल धुतल्यावर पाण्याला किती रंग आला, तेही त्यात येऊ द्या.